निरोप गावात द्यायचा

फोन आला तेव्हा प्रयोगशाळेत आठ इंटर्न पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. नसीमआपांच्या भावाचा फोन होता. सकाळी चहा घेता घेता त्या गेल्या... मी पोरांना सांगितलं आणि खुर्चीत बसले ती बसलेच. आमच्या नांदेडच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्र विभाग म्हणजे आम्ही दोघीच. त्या प्रमुख आणि मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली. या गोष्टीला महिना होऊन गेला. अजूनही मला रडू येण्याआधी राग येतो, आणि आपांना ते आवडलं असतं.

दर उन्हाळ्यात नांदेड-लातूरकडची पोरं आमच्याकडे शिकायला येतात. गावोगावचं पाणी आणायचं, तपासायचं, अहवाल लिहायचा. शेवटी सभागृहात गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र, सामोसा, झाला निरोप. सुरुवातीला आम्हीही तेच करायचो. मग एका जूनमध्ये कंधारकडची एक मुलगी प्रवेशाला आली. बोलताना तोंडावर ओढणी धरायची. आपांनी कारण विचारलं तेव्हा तिने ओढणी काढली. दातांवर तपकिरी पट्टे होते. म्हणाली, "मॅडम, मी पहिलीत असताना तुमची पोरं आमच्या शाळेतून पाणी घेऊन गेली व्हती. पुढं काय झालं त्याचं?" आपांनी कपाटातून जुना अहवाल काढला. त्या गावाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली आपांचीच सही होती. गावाला मात्र कुणी कळवलंच नव्हतं.

त्या वर्षापासून सभागृह बंद. ज्याने ज्या बोअरचं पाणी तपासलं, त्याने तिथल्या माणसांसमोर उभं राहून काय निघालं ते सांगायचं, मगच प्रमाणपत्र. आकडे फेकायचे नाहीत. दातांचं सांगा, गुडघ्यांचं सांगा, आपा म्हणायच्या. यावरून आमचं वाजायचंही. सरपंच चिडायचे, कॉलेजात फोन यायचे आणि मी भित्री, म्हणायचे, आपा, जरा सबुरीनं घ्या. त्या चष्म्यावरून बघायच्या. "सुनंदा, पिणारा सबुरी करून राहिला का?" मग त्याच उठून चहा टाकायच्या, माझ्या कपात साखर दुप्पट.

यंदा लोह्याजवळच्या एका गावात, शाळेच्या हातपंपात फ्लोराइड निघालं, तेही भरपूर. शाळेला सुट्टी असली तरी सगळी वस्ती पाणी तिथेच भरते. निकाल हातात आला तो नेमका आपा गेल्या त्याच दिवशी. प्राचार्यांनी मला बोलावलं. नमुना नेल्यापासून गावातल्या एका पुढाऱ्याचे त्यांना फोन चालूच होते. ते म्हणाले, यंदा शोकसभेतच पोरांना निरोप देऊन टाका, निकालाचं वरून मंजुरी आल्यावर बघू. म्हणजे आपांच्या फोटोला हार घालायचा आणि त्याच हाराखाली आपांचं काम झाकायचं! मी अर्ज दिला, परवानगी मागितली, वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी वाट पाहणं सोडलं आणि आठही जणांना घेऊन एसटीत बसले.

हातपंपावर बायका पाणी भरत होत्या. हा पंप आठही जणांनी मिळून तपासला होता, सांगायची पाळी लातूरच्या प्रतीक्षाची होती. एकही गोष्ट तिने गाळली नाही. हे पिऊ नका, लेकरांचे दात बिघडतात, पुढं गुडघे धरतात, उकळूनसुद्धा हे जात नाही, धुण्याभांड्याला चालेल. कमरेवर हंडा घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुमाला कधी कळलं?"

"तीन दिस झाले, मावशी."

"मंग तीन दिस आमी काय पिऊन राहिलो?"

प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी भरलेला हंडा तिथेच उपडा केला आणि बाजूला झाल्या. पोरांनी पिण्यास अयोग्य म्हणून हातपंपाला लाल रंग द्यायला घेतला. पुढारी आला, कुणाला विचारून रंगवता म्हणाला. पोरं रंगवत राहिली. तिथेच, पंपाशेजारी उभं राहून, मी आठ प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. परतताना लातूरकडची पोरं लोह्याला उतरली. पाया पडू लागली तर मी रागावले, आणि एसटी हलल्यावर मात्र नांदेड येईपर्यंत रडत राहिले.

गेल्या आठवड्यात कॉलेजची नोटीस आली. विनापरवानगी विद्यार्थ्यांना गावात नेलं, निकाल परस्पर जाहीर केला, लेखी खुलासा करा. आपांच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. मी मुद्दाम तिथे बसले, त्यांच्याच टेबलावर कागद ठेवला आणि खुलासा लिहिला: परवानगीवाचून गेल्याचा मला खेद नाही. परवानगीसाठी तीन दिवस थांबले, त्याचा आहे.