सत्काराची शाल

२६ जानेवारी २०२४ रोजी लोहाऱ्याच्या एका डाळ मिलमध्ये संघदीपच्या सत्कारासाठी तीनशे चाळीस रुपयांची लोकरी शाल आणली गेली. तिशीतला संघदीप तिथे सहा वर्षे तूरडाळ निवडत होता. मागच्या शांत कोपऱ्यात बसला की त्याच्या नजरेतून एक खडा सुटत नसे. तो स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी लहानपणीच सांगितले होते. पण काम जाईल या भीतीने त्याच्या आईने, पंचफुलाबाईने, मिलमध्ये कधी तोंड उघडले नाही. घरी मात्र ती त्याच्या प्रत्येक नव्या शर्टाचे लेबल उसवून देई.

सत्काराला नाही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून सत्काराला आलेल्या पंचफुलाबाईनेच त्याला पुढे ढकलले. मालकांनी त्याच्या खांद्यांवर शाल पांघरवली, टाळ्यांचा कडकडाट झाला. संघदीपने शाल भिरकावली आणि तो कानांवर हात दाबून फाटकाबाहेर पळाला. शाल यंत्राखालच्या तेलात पडली.

"मान देला तं फेकते काय?" मालक कडाडले.

"त्याले टोचते जी ते. टाळ्याबी सहन होत नाहीत. जन्मापासून तसाच हाये."

"शाल कोणाले टोचते वो बाई? आन् सहा वर्षं काहून नाही सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढले.

आता घरची पावभर डाळ तो दिवसातून चारदा निवडतो. तिच्यात खडा नसतो. शालीचे पैसे पंचफुलाबाई थोडेथोडे भरते. साठ रुपये अजून देणे आहेत.