कांताबाई बोलली ते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगतेय म्हणून माझं मन मोठं झालंय, असं समजू नका. मला राग आलाय. इतका, की सकाळी भाकरी थापताना हात थांबतो. पण राग कुणाचा, हे एका वाक्यात सांगता येत नाही — म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी सावेडीत राहते. एका संस्थेत नोकरी करते. परदेशातून जी मदत येते, तिच्यावर ही संस्था चालते. मी मूळची पारनेरची. तिथल्या साध्या शाळेत शिकले, इंग्रजी मात्र हट्टानं कमावलं. त्यामुळे पाहुणे आले की दुभाषी मीच. त्याचा मला केवढा तोरा होता. इकडं कर्जत तालुक्यातली बाई, तिकडं समुद्रापलीकडची मॅडम, आणि मधे मी. माझ्यावाचून दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नाही — हा विचार मला आवडायचा. आता काय लपवायचं?

मिरजगावच्या पुढे एक गाव आहे. नाव राहू दे. हंगाम लागला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोनं जोडीनं जायचं, दोघं मिळून एक कोयता. मुलांना मागं सांभाळणारं कुणी नसेल तर मुलंही बरोबर, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहायला. अशा गावाला आम्ही काय दिलं असेल? शिलाई मशिनी. दूर कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी ठरवलं, की बायकांना घरबसल्या काम मिळालं की त्या गाव सोडणार नाहीत. हे होणार नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं? होतं. कपडे शिवायचे कुणाचे, आणि बायका गावात असतात किती? पण मदत येत होती, आम्ही मान डोलावली. मशिनी समाजमंदिरात ओळीनं बसल्या आणि तिथंच गंजू लागल्या.

मग ते दोघं आले. एक उंच, पिकल्या केसांची बाई आणि तिचा सहकारी. मदत पुढे चालू ठेवायची का, आणि कशासाठी द्यायची, हे ठरवायला. कशासाठी, हेसुद्धा — हे मी मुद्दाम सांगतेय. जीपमध्ये आमच्या संस्थेचे प्रमुख, आमचे सर, खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "मॅडम, आज जरा सांभाळून घ्या." बस, एवढंच. दम दिला असता तर आज त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

मशिनींना आदल्या दिवशीच तेल घातलेलं होतं. बायका सतरंजीवर बसल्या. त्या बाईनं विचारलं, तुम्हाला खरोखर काय हवंय? हे मी नीट मराठीत सांगितलं. मग कांताबाई उठून उभी राहिली. वाळकी, ताठ बाई. आमच्या एकाही बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"ताई, ह्यांना सांगा, ह्या मशिनी घिऊन जा. आमाला पोरींना ठिवायला जागा द्या. माझी सोनाली सातवीत हाय, शाळेत हुशार हाय. मागं ठिवायची तर कुनाच्या भरवशावर? बरुबर नेली तर आमी फडात अन् ती कोपीत एकली. मागल्या साली एक मानूस आत शिरला. पोरगी वरडली म्हनून वाचली. आता तिचा बाप म्हनतो, लगीन लावून टाकू. मी त्याला धरून ठिवलाय, पर किती दिस धरू? ह्या बाईला म्हनावं, एक खोली द्या अन् पोरींना रांधून घालनारी एक बाई द्या. दुसरं काय बी नगं."

ती खाली बसली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

आणि मी — मी इंग्रजीत म्हणाले, मशिनींबद्दल तिला तुमचे आभार मानायचे आहेत. तिची मुलगी हुशार आहे, तिचं पुढं चांगलं व्हावं असं तिला वाटतं.

सहकारी म्हणाला, ती तर बरंच बोलली की. मी हसून म्हणाले, खेड्यातली माणसं एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतात. तोही हसला. ती उंच बाई पुढे झाली, कांताबाईचे दोन्ही हात हातात धरले. तिचे डोळे भरून आले होते. कांताबाईचेही. तिला वाटलं, आपलं पोचलं.

त्या दोघांचा राग येतो ना तुम्हाला? मला येतो. विमानानं अर्धी दुनिया ओलांडून विचारायला येता, समोरची बाई एवढं तळमळून बोलतेय हे दिसतं, आणि दोन गोड वाक्यांवर तुमचं समाधान होतं? सरांचा राग येतो. ज्यांनी मशिनी धाडल्या त्यांचा येतो. पण हा सगळा राग मला सोयीचा आहे, हेही मला कळतं. खोटं त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

का केलं मी? नोकरी गेली असती? नाही. सर चार दिवस घुश्शात राहिले असते, एवढंच. मग? मला कांताबाईचा राग आला होता. हे सांगताना लाज वाटते, पण आला होता. पाहुण्यांसमोर तिनं आम्हाला उघडं पाडलं, असं वाटलं. आम्ही एवढं दिलं, आणि ही म्हणते घेऊन जा? तिला गप्प करायचं होतं मला. ते केलं, आणि तिला कळूही दिलं नाही.

मदत चालू राहिली. आणखी मशिनी आल्या, भरतकामाच्या. गाव ऊसतोडीला निघायच्या आत सोनालीचं लग्न लागलं. पुढे तीही कोयता धरू लागली. पहिलं बाळंतपण फडावरच झालं. मूल जगलं नाही.

हे मला मिरजगावच्या बाजारात खुद्द कांताबाईनं सांगितलं. रडली नाही. माझीच समजूत काढू लागली. "तुमी तर सांगितलं हुतं सगळं, ताई. त्या बाईनं हात बी धरले माझे. पर त्यांना न्हाई पटलं. तुमचा काय दोष?"

मी म्हणाले, "हो ना."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, सर नव्हते, पाहुणे नव्हते. मी तिला चहा घ्या म्हणाले. तीच म्हणाली, नको, एसटी चुकंल.

आता परदेशात नवी टूम निघाली आहे — आधी लोकांचं ऐका, मग मदत ठरवा. त्याच्या प्रशिक्षणाला संस्थेनं मला पाठवलं. आता मीच ते इतरांना शिकवते. ऐकावं कसं, हे मी शिकवते.

गेल्या आठवड्यात नवे पाहुणे घेऊन त्याच गावात गेले होते. तोच प्रश्न, काय हवंय तुम्हाला. कांताबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "कांताबाई, तुम्ही बोला ना."

"माझं बोलून झालंय," ती म्हणाली.

हे मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांपैकी एकीनं मान वर केली आणि मला विचारलं, मग तेव्हा काय म्हणाली होती ती?

खोलीतल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. कांताबाईसुद्धा.

मी म्हणाले, मला आठवत नाही.