डोकं झालं, हात उद्या लावतो

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. टेबलाटेबलावरून उष्टे कप उचलत फिरा, कपाबरोबर एखादा येतोच. कप धुऊन पालथे घालता येतात, किस्से मात्र साचत जातात. माझ्याकडं ढीग झालाय, त्यातले थोडे काढते.

सदाशिव पेठेत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. झाडलोट, चहा आणि दुपारचं जेवण माझ्याकडं. पोरं तिथं कॉम्प्युटरवर पुतळे करतात. गिऱ्हाईक कार्टूनचं चित्र पाठवतं, हे एवढं डोकं आणि काडीसारखे पाय. त्या चित्राचा ही पोरं पुतळा घडवतात, चहूबाजूंनी फिरवून बघता येईल असा. माती नाही, पाणी नाही, हात भरत नाहीत. पुतळा राखाडी. रंग दुसरेच देतात, चालवतात तिसरेच. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं विचारायची लाज वाटत नाही. विचारून विचारून एवढं कळलं.

पहिल्याच दिवशी चहा घेऊन आत गेले, तर कोपऱ्यात तुषार हातात आरसा धरून रडत होता. कसब्यातला चांगला दांडगा पोरगा. मी ट्रे खाली ठेवला.

"काय रे, घरी काही झालं का?"

"नाही हो मावशी," तो आरशातून नजर न काढता म्हणाला, "बेडूक रडतोय."

पडद्यावर खरंच एक बेडूक होता आणि त्याचा ओठ तुषारसारखाच लोंबत होता. मी चहा ठेवला आणि निघाले. बेडकासाठी रडणाऱ्याला काय समजावणार!

आता काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चेहऱ्याची एकच बाजू घडवायची. कॉम्प्युटर दुसरी बाजू आपोआप तशीच करतो. सोय आहे. पण ती वेळेवर बंद करावी लागते.

तुषारकडं मराठी नवरीचं काम आलं. मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळं झकास केलं त्यानं. केदार सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले. नवरीच्या दोन्ही नाकपुड्यांत नथ!

"छान आहे," सर म्हणाले. "दुसरा नवरा कुठं बसवताय?"

सरांचं सगळं असंच. ओरडत नाहीत. ओरडले तर पोरांना बरं वाटेल.

आणखी एक सवय या पोरांना. फोन आला की जिन्यात जायचं आणि मोठ्यानं बोलायचं. एकदा तुषार कुणाला तरी सांगत होता, "डोकं झालं. मान जाड होती, ती कापली. हात उद्या लावतो. नाही हो, पाय अजून बाईकडंच आहेत, तिनं दिले की बघू!" बाई म्हणजे प्रज्ञा, पाय ती करत होती. खाली दाढ काढून घ्यायला आलेले एक आजोबा तसेच उठून घरी गेले. डॉक्टर तणतणत वर आले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लावली: "येथे फक्त संगणकातील माणसे कापली जातात. खरी माणसे खालच्या मजल्यावर."

डॉक्टर त्यानंतर माझ्याशीपण बोलत नाहीत. मी काय केलं होतं?

प्रज्ञाचं नाव आलंच आहे तर तिचं सांगते. वर्ध्याची पोर. बारीक, अबोल, चहात साखर जास्त. वडील सरकारी नोकरीत. त्यांनी गावभर सांगितलेलं, मुलगी पुण्याला आयटीत आहे. आता तिकडं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आयटीत, त्यामुळं लोक विचारायचे, कंपनी कुठली, काम काय. वडलांना सांगता येईना. शेवटी त्यांनी फोनवर बजावलं, "दिवाळीपर्यंत नोकरीत पक्की झालीस तर ठीक, नाहीतर मी येऊन घेऊन जातो. बँकेची परीक्षा दे." सरांनीही एकच काम दिलं होतं. ते पास झालं तर पक्की. पोरगी ताटावर बसायची आणि तशीच उठायची. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा भरवलं.

एकदा तुषारला बाहीच्या चुण्या बघायच्या होत्या, म्हणून प्रज्ञा दोन्ही हात आडवे पसरून उभी होती. पुतळे असेच हात पसरून घडवतात. कुरियरवाला आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पाकीट तिच्या एका हातात ठेवलं, पेन दुसऱ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, सही." ती हलली नाही. तुषार ओरडत होता ना, हलू नको म्हणून! सही मी केली.

तर प्रज्ञाचं ते काम. परदेशी गिऱ्हाइकाच्या चित्रात एक जाडजूड स्वयंपाकीण होती, हातात पळी, चेहऱ्यावर संताप. आरशात बघून प्रज्ञाला राग जमेना. जन्मात कुणावर ओरडली असेल तर ना! मग ती माझ्याकडं बघायला लागली. मी फरशी पुसतेय, ही बघतेय. मी वाटाणे सोलतेय, ही बघतेय.

"काय गं, काय पाहिजे?" मी खेकसले.

"तेच, मावशी. असंच थांबा!"

पुतळा गेला. गिऱ्हाइकाचं उत्तर सरांनी सगळ्यांसमोर वाचलं: राग उत्तम आहे, पण लहान मुलं घाबरतील. निम्मा करा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या मांजरी गावात आजवर एकाची हिंमत झाली नाही मला असं सांगायची, आणि हा सातासमुद्रापलीकडून सांगतो!

"मावशी, थोडं कमी रागवाल का?" प्रज्ञानं विचारलं.

"मी नाही कमी करणार. तुझ्या मशीनमध्ये कर."

तिनं केला. तोंड पास झालं. पण चित्र फक्त समोरून काढलेलं होतं. पाठ कशी, ते चित्रकारानं काढलंच नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, ती तुम्हीच ठरवा. तेव्हा मात्र प्रज्ञानं आरसा घेतला नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. डोळे मिटून बसायची आणि मग हात चालवायची. पाठ करून पाठवली आणि उत्तर यायच्या आत वडील दारात उभे. एक पिशवी, दोन तिकिटं.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पडद्यासमोर ताठ बसले.

"दाखव, काय करून राहिली तू इथं."

पडद्यावर स्वयंपाकीण उभी होती.

"चित्र तू काढलं?"

"नाही बाबा, त्यांचं आहे."

"रंग?"

"दुसरे देतात."

"चालवतं कोण हिला?"

"ते पण दुसरे."

"मग तू काय करतेस बाप्पा?"

प्रज्ञानं बटण दाबलं. बाई हळूहळू वळायला लागली. कान, खांदा, मग पाठ. अंबाडा सुटून मानेवर आलेला. ॲप्रनची गाठ एका बाजूला. सगळा भार डाव्या पायावर, उजवं पाऊल चपलेतून काढून डाव्या पोटरीवर घासलेलं.

वडील पुढं वाकले. बाई पूर्ण फिरून समोर आली.

"पुन्हा फिरव."

तिनं फिरवली. तुषारनं हेडफोन काढले. सरसुद्धा चष्मा वर करून केबिनच्या दारात आले.

"हे आईला दाखवू नकोस," वडील म्हणाले. "मागून अशी दिसते हे कळलं तर पोळ्या करायची बंद होईल."

मग पिशवी उचलली, सरांना नमस्कार केला आणि निघाले. मी जिन्यापर्यंत गेले.

"ताई," ते मला म्हणाले, "एक तिकीट रद्द करायचं आहे. इथं जवळ कुठं होईल?"

मी रस्ता सांगितला. ते खालच्या दवाखान्यापर्यंत उतरले, थांबले आणि पुन्हा वर आले. प्रज्ञा डोळे पुसत तिथंच बसलेली.

"बेटा, याचा एक फोटो काढून दे मला," ते म्हणाले. "मागून."