नव्याण्णव मात्रांनंतरची सम

सकाळी सात वाजता पंचनद रावांचा फोन आला.

"सरोजा, त्या अल्बमावर माझं नांव घालूं नको."

मी तोंडात ब्रश घेऊन उभी होते. "काय झालं, मामा?"

"शनिवारीं आम्ही हरवलों होतों. चार मिनिटं. आतां तींच चार मिनिटं विकणार म्हणे. विकूं देत. माझं नांव नको."

फोन बंद झाला.

पंचनद राव तिरुवैयारुला राहतात. वय एकाहत्तर. मृदंग वाजवण्यात पन्नास वर्षं गेली. आमच्यासारखंच तंजावरचं मराठी घर, वडिलांचे मित्र, म्हणून मला मामा. मी साउंड इंजिनिअर. तंजावरात मोबाइलच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. देवीची गाणी, शाळांची गॅदरिंग्ज, निवडणुकीच्या घोषणा, असं सगळं रेकॉर्ड करते. देवी आणि उमेदवार दोघांनाही आवाज मोठाच लागतो.

त्या वर्षी चेन्नईहून एक बँड आला. नाव 'ओल्ड नंबर, न्यू नंबर'. आमच्याकडे प्रत्येक घराला जुना आणि नवा असे दोन नंबर असतात आणि पोस्टमन दोन्हीकडे चुकतो. बँडचं संगीत ऐकल्यावर नाव अगदी योग्य वाटलं. गिटार वाजवणारी नित्या ही लीडर. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आलेली, अठ्ठावीस वर्षांची, बोलायला गोड. बरोबर तीन तरुण वादक आणि पाहुणे कलाकार म्हणून आमचे मामा.

तिची मुख्य रचना अठरा मिनिटांची. मृदंग अकरा मात्रांच्या चक्रात फिरतो, गिटार नऊ मात्रांच्या. म्हणजे दोघं एकत्र निघतात, लगेच वेगळे होतात आणि नव्याण्णव मात्रांनंतर पुन्हा एकदम पहिल्या मात्रेवर भेटतात. चक्राच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात; दोघांची सम एकत्र येते ती इथेच. कागदावर हे फार सुंदर दिसतं. कानाला, मला विचाराल तर, भांड्यांची मांडणी पडल्यासारखं वाटायचं.

मी मामांना रिहर्सलच्या वेळी विचारलं होतं, "तुम्हाला हे आवडतं?"

"आवडायचं मग बघूं. आधीं मोजून तर होऊं दे."

शनिवारी अल्बमसाठी लाइव्ह रेकॉर्डिंग होतं. ऑडिटोरियम मिळालं नाही म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये. स्टेजवर मागे नवरा-नवरीची लाल सिंहासनं तशीच होती. हलवायला वॉचमन तयार नव्हता. पहिल्या रांगेत मुंबईचा एक समीक्षक. ऑनलाइन मासिकात लिहायचा. गावाला मान द्यायचा म्हणून वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून आला होता, व्हेल्क्रोची. दर पाच मिनिटांनी ती चर्रकन सुटायची आणि तो चर्रकन चिकटवायचा. माझ्या ऑडियन्स माइकवर ते सगळं आलं आहे.

आता माझी कबुली. ती चार मिनिटं चुकीची होती हे मला कळलंच नाही. हेडफोन लावून, मिक्सरसमोर बसून, पगारी कान घेऊन. सगळंच मला सारखं विचित्र वाटत होतं, त्यातलं कुठलं विचित्र मुद्दाम आणि कुठलं चुकून, हे मी कसं ओळखणार? शेवटी नित्याने हात वर केला, सगळे एकदम थांबले, हॉल उभा राहिला. मीही टाळ्या वाजवल्या.

नंतर समजलं ते असं. चौदाव्या मिनिटाला नित्याने एक मात्रा गाळली. ड्रमवाला तिच्या मागे गेला. कीबोर्डवाला जागेवर राहिला. नित्याला चूक कळली, तिने एक मात्रा वाढवली. तेवढ्यात कीबोर्डवाल्याने समजूतदारपणे एक गाळली. रस्त्यात समोरासमोर आलेले दोन सभ्य लोक एकाच बाजूला सरकत राहतात, तसं चार मिनिटं चाललं.

कार्यक्रमानंतर नित्या दोन दिवस बाहेर पडली नाही. हॉटेलच्या खोलीतून जेवण तसंच परत जायचं. तिला सगळं माहीत होतं.

मंगळवारी रिव्ह्यू आला. पाचपैकी पाच तारे. समीक्षकाने बरोबर त्याच चार मिनिटांवर तीन परिच्छेद लिहिले होते. इथे ताल मोडून टाकला आहे, परंपरेला प्रश्न विचारला आहे, वगैरे. आणि म्हणे वृद्ध मृदंगवादकालाही राहवलं नाही, तो स्टेजवरच भान विसरून 'वा, वा' म्हणत होता.

बुधवारी नित्या स्टुडिओत आली. जेवून आली होती. म्हणाली, "अक्का, तो सेक्शन तसाच ठेवायचा. ओपन स्ट्रक्चर आहे तो."

"शनिवारी तर चूक होती."

"चूक कशी म्हणायची? लोकांना भिडलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा तो फोन आला. मग मी नित्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या मॅनेजरला, वरुणला, फोन लावला. मामा नाव काढायला सांगताहेत म्हटलं.

"मॅडम, ती चार मिनिटं हाच प्रॉडक्ट आहे. रिव्ह्यू सगळीकडे शेअर होतोय. नाव नको असेल तर काढा. 'पारंपरिक मृदंग' एवढं लिहा."

"पन्नास वर्षं वाजवताहेत ते."

"म्हणूनच पारंपरिक म्हणतोय."

माझं काम मिक्स करून फाइल पाठवण्याचं. न्यायनिवाडा करण्याचं नाही. पण पारंपरिक मृदंग हे शब्द मला टाइप करवेनात. मी मामांना म्हटलं, एकदा या, तिच्यासमोर बोला. ते दुपारच्या टाउन बसने आले. घाम पुसून तिच्याकडे पाठ करून बसले. नित्याही भिंतीकडे बघत बसली.

मग मी मला येतं ते केलं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्याला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक असतो. सोलो नावाचं बटण दाबलं की बाकी सगळे गप्प होतात, एकच ऐकू येतो. मी चौदाव्या मिनिटावर गेले आणि मृदंग सोलो केला.

गर्दीत जो आवाज बुडून गेला होता, तो उघडा पडला. आधी मामा नेहमीसारखे नक्षीदार वाजवत होते. मग नक्षी थांबली. फक्त मात्रा. साध्या, सरळ, लहान मुलाला शिकवतात तशा. दर अकराव्या मात्रेनंतर समेवर एक जड थाप. पुन्हा अकरा, पुन्हा थाप. दर वेळी थोडी जास्त स्पष्ट. कोणीच आलं नाही. आणि त्या थापेबरोबर माइकमध्ये मामांचा दबका आवाज: "वा... वा..."

"हेच ते," नित्या म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. तमिळ मुलगी ती. तिला ऐकताक्षणी कळलं असणार.

मामा मला मराठीत म्हणाले, "तमिळांत बोलावीत होतों. 'वा' म्हणजे ये." मग तिच्याकडे वळून तमिळमध्ये, अगदी हळू, "तुलाच बोलावत होतो, बाळ. तुला ऐकूं आलं नाहीं."

चार मिनिटं आम्ही पूर्ण ऐकली. नित्याने तोंडावर ओढणी धरली होती. संपल्यावर म्हणाली, "मला आलं होतं ऐकू. पण कशी येऊ ते सापडत नव्हतं. आणि मग रिव्ह्यू आला, तेव्हा वाटलं, सुटले."

मामा म्हणाले, "रचना चांगली आहे तुझी. वाईट असती तर मी भांडलों नसतों. पैसे घेऊन घरीं गेलों असतों."

तिने तिथूनच वरुणला फोन केला. त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, तिचं आलं. "नाही. परत वाजवणार. नाही. माझं नाव आहे ना त्यावर? मग."

पुढचे दोन दिवस माझ्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्डिंग झालं. चौघांच्या कानात क्लिक दिला, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, मात्रा हलू नये म्हणून. मामांनी घेतला नाही. म्हणाले, मला घरचा आहे.

सहाव्या टेकला मी प्रथमच बोटांवर मोजत बसले. नऊ इकडे, अकरा तिकडे. साठनंतर माझी बोटं गोंधळली, सोडून दिलं, नुसती ऐकत राहिले. आणि अचानक सगळे जण, इतका वेळ एकमेकांना पाठ दाखवून चाललेले, एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले. मी टेबलाचा आधार घ्यायला हात टेकला तो नेमका टॉकबॅकच्या बटणावर, म्हणजे ज्याने माझा आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये जातो, आणि जोरात ओरडले, "अय्यय्यो!"

टेक वाया गेला. ड्रमवाल्याला वाटलं शॉर्टसर्किट झालं. मामा मात्र काचेपलीकडून हसत होते.

आठवा टेक अल्बमवर आहे. त्याच्याखाली पंचनद राव हे नाव पूर्ण छापलं आहे.

समीक्षकाने पुन्हा लिहिलं. तीन तारे. लाइव्ह कार्यक्रमातलं धाडस स्टुडिओत हरवलं, सगळं फार नीटनेटकं झालं, असं त्याचं मत. 'वा, वा' काढून टाकल्याचं त्याला विशेष वाईट वाटलं. वरुणने मला पुन्हा काम दिलं नाही. तिरुवैयारुला मामांचे विद्यार्थी ती रचना मांडीवर हात मारत शिकताहेत आणि एका मुलीने नव्याण्णव मात्रा न चुकता वाजवल्या म्हणून मामांनी तिला कॉफी पाजली. त्यांच्याकडे तारे देण्याची पद्धत नाही.

असल्या अवघड संगीताचं एवढं कौतुक व्हावं का, असं मला आता लोक विचारतात. व्हावं. नित्याचं तर नक्कीच व्हावं. फक्त कौतुक करणाऱ्याने आधी मोजावं आणि मोजता येत नसेल तर मोजणाऱ्याला विचारावं. मलाही अजून साठच्या पुढे जमत नाही. म्हणून लाइव्ह रेकॉर्डिंग संपलं की टाळ्यांची पातळी मी बघते, ती मीटरवर दिसते. पण फाइल सेव्ह करण्याआधी स्टेजवर जाऊन मृदंगवाल्याला विचारते, "पोचलात का सगळे?"