मामांचे बांधलेले हात

पंचाहत्तरच्या सुमारास मी दौंडला शिक्षक होतो. आम्हा चार-पाच नोकरदारांना एक मामा दर रविवारी भीमेच्या काठी गळ टाकायला नेत. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. पाण्यावरचा बुडबुडा बघून ते मासा ओळखत, पण आमच्या काठीला कधी हात लावत नसत. कुणाच्या गळाला ओढ बसली की खांद्यावरचा पंचा स्वतःच्याच मनगटांभोवती गुंडाळून दातांनी गाठ मारत. म्हणत, "लई वंगाळ हात हायेत माझे. आपोआप धावत्यात."

वर्षभर मला एकही मासा मिळाला नव्हता. सोबत्यांनी तर हसणंही सोडून दिलं होतं. एका रविवारी काठी अशी वाकली की मी ओरडलो, "मामा, धरा!"

"न्हाई गुर्जी, तुमचीच हाय ती. ढील द्या... द्या अजून... आता वढा!"

हातभर लांब मरळ वाळूत येऊन आपटली. माझ्याआधी मामाच नाचायला लागले. "गुर्जींनी काढली! आमच्या गुर्जींनी!" पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायाही उभ्या राहून बघायला लागल्या.

मग त्यांनी हात पुढं केले. "आता सोडा की."

पंच्याची गाठ मला सुटता सुटेना. सुटली तेव्हा त्यांच्या मनगटांवर लालभडक वळ होते. एवढे वळ मरळीनं माझ्या हातांवरही उठवले नव्हते.