कोडच्या माथ्यावर श्री

धाराशिवात बसस्टँडमागं, एका झेरॉक्सच्या दुकानावर, आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना चालत नसे. साहेबांना कोड लिहिता येत नव्हता, पण कोड कसा दिसावा याबद्दल त्यांची मतं दगडासारखी पक्की होती. महिरपी कंस नव्या ओळीवर ऐसपैस बसलेला पाहिजे. दोन ओळींत मोकळी जागा सोडायची नाही, ती उधळपट्टी. आणि प्रत्येक फाइल लग्नपत्रिकेसारखी ‘श्री’नं सुरू झाली पाहिजे. त्यांनी याला ‘कंपनीची शिस्त’ असं नाव दिलं होतं.

हे शेवटचं खूळ आम्ही कमेंटमध्ये टाकून निभावायचो. कमेंट म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप, मशीन ती सोडून देतं. देवही खूश, सर्व्हरही खूश.

तेरखेड्याची एक मुलगी तेव्हा नवीन लागली होती. वडील फटाक्यांच्या कारखान्यात कामाला. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर घरी बसायचं आणि दिवाळीनंतर लग्न, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं. एका कॉलेजला हॉलतिकिटं ऑनलाइन द्यायची होती. त्याचं लॉगिनचं पान तिनं एकटीनं लिहिलं, आणि इतकं नेटकं की मला हेवाच वाटला.

पान चालू व्हायच्या आदल्या संध्याकाळी साहेब तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“देवाला कमेंटमधी टाकतीस व्हय? मशीन बघतबी न्हाय तिथं?”

“साहेब, कोडच्या वर टाकलं तर पान बिघडंल,” ती म्हणाली.

“देवाचं नाव घेतल्यानं कधी काय बिघडलंय का?”

असं म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढला, ती ओळ कोड सुरू होण्याच्याही आधी नेऊन ठेवली आणि पान स्वतःच्या हातानं सर्व्हरवर चढवलं. साहेबांनी जन्मात केलेलं हे बहुधा एकमेव प्रोग्रॅमिंग. वर आमच्याकडं असं बघितलं, जणू कळसच चढवला होता.

आम्ही वापरायचो त्या भाषेत कोडच्या बाहेर लिहिलेलं सगळं सरळ स्क्रीनवर जातं. आणि एकदा काही स्क्रीनवर गेलं की ‘याला आता पुढच्या पानावर पाठव’ हा हुकूम सर्व्हर मानत नाही. परीक्षा तोंडावर आलेली. सकाळी पोरं पासवर्ड टाकत होती आणि कोऱ्या पानावरच्या ‘श्री’कडं बघत बसत होती. प्राचार्यांचा फोन आला. मी ती ओळ काढली आणि हॉलतिकिटं उघडायला लागली. साहेबांनी हे शेजारी उभं राहून बघितलं, आणि फोनवर म्हणाले, “नव्या पोरीनं घोळ घातला, सर. काढून टाकलंय तिला.”

माझं डोकंच फिरलं. एवढा निगरगट्टपणा मी आजवर बघितला नव्हता.

“साहेब, ती ओळ तुम्ही टाकली होती,” मी म्हणालो.

“ओळ देवाची हाय,” ते शांतपणे म्हणाले. “कोड तिचा.”

तिनं डबा पिशवीत टाकला आणि ती उठली. मी मागोमाग जिन्यात गेलो. तिथं तिनं विचारलं, “दादा, गावात असलं काम करणारं दुसरं ऑफिस हाय का वो?” नव्हतं. पुण्यात ढिगानं होती, पण वडील तिला पुण्याला पाठवणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी नुसतंच ‘बघतो’ म्हणालो.

“ते राहू द्या,” ती म्हणाली. “घरी काय सांगू तेवढं सांगा. देवाच्या नावापायी नोकरी गेली म्हणलं, तर आमचे अण्णा साहेबाचीच बाजू घेतील.”