अकरा मिनिटं आणि एक स्टीलचा डबा

१. भेडाघाटला एका अनोळखी ताईंनी आजीला वड्यांचा डबा दिला.
२. आम्ही वड्या खाल्ल्या.
३. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मी तो भरून आणायला गेले.
४. मला अकरा मिनिटं लागली.
५. ताई निघून गेल्या.
६. डबा सध्या पुण्यात माझ्या ओट्यावर आहे.

आता सविस्तर.

मार्चमध्ये चार दिवसांची सुट्टी काढून मी आजीकडे जबलपूरला गेले. पुण्याहून रेल्वेने जावं. जेवण घरून न्यावं. आजोबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, आजी तेव्हापासून तिथलीच. आता ती विजय नगरला मामाकडे राहते. तिचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण त्यांना अपवादही नाहीत. प्रवासात कोणी दिलं तर घ्यायचं. डबा रिकामा परत करायचा नाही. माणसाचं नाव शेवटी विचारायचं, आधी तब्येत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाट. ऑटो जाऊन-येऊन आठशेला ठरवली. थांबायचे पैसे त्यात धरून घ्या. धुआँधार धबधब्यापर्यंत चालत जायला दुकानांच्या रांगेतून वाट आहे. पायऱ्या ओल्या असतात, पकड असलेले बूट घाला. धबधबा उत्तम आहे. आजीने तो दोन मिनिटं पाहिला आणि शेजारच्या बाकाकडे वळली, कारण तिथे कोणीतरी मराठीत बोलत होतं.

ताई पस्तिशीच्या, सोबत यजमान. जबलपूरमध्येच बहिणीकडे दीक्षितपुऱ्यात उतरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पुण्याला परतणार होत्या.

"आजी, घ्या ना सांबारवड्या. एवढ्या केल्या, अन् आमच्या यांना ॲसिडिटी."

"तळलेलं काहून देतं मग त्याले?" आजी म्हणाली आणि डबा घेतला.

दहा मिनिटांत आजीला यजमानांचं पित्त, बहिणीचा गुडघा आणि पुण्यातलं पाणी किती वाजता येतं हे सगळं कळलं. कोथिंबिरीच्या त्या वड्या संपल्या. आजीने मला डोळ्यांनी खूण केली. मी डबा घेऊन खोव्याची जिलबी आणायला गेले.

मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हे इथे सांगणं भाग आहे.

"भैया, खाली काँटा पंद्रह ग्राम दिखा रहा है।"

"दीदी, वो तो सुबह से दिखा रहा है।"

मी तो शून्यावर आणला. मग काटा सपाट जागेवर नाही हे लक्षात आलं, म्हणून खाली पुठ्ठा घातला. तेवढ्यात शेजारचा चणेवाला आपलाही काटा घेऊन आला. अर्धा किलो जिलबी अचूक वजनात घेऊन परतले तेव्हा बाकावर आजी एकटी होती.

"त्यांची गाडी आली. म्या म्हटलं थांबा, पोरगी येऊन राहिली. तो डरायवर हॉर्न वाजवून राहिला. तू काय करून राहिली होती तिथं?"

"काटा पंधरा ग्रॅमने चुकीचा होता."

"पंधरा ग्रॅमनं कोणाचं पोट उपाशी राहते?"

"नाव विचारलंस का त्यांचं?"

"डब्यावर असते ना."

होतं. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, तिने झाकणावरून बोट फिरवलं आणि मी वाचलं. एक नाव, आडनाव नाही. त्याखाली: 'लग्नाबद्दल, आईकडून.'

परतीच्या अर्ध्या वाटेवर आजीने डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "माह्या आईची एकच वाटी होती माह्यापाशी. इकडं येताना गाडीत राह्यली. अजून लोकाच्या घरी वाट्या पाह्यतो मी."

त्याच दुपारी आम्ही दीक्षितपुऱ्यात. ऑटो तोंडाशीच सोडावी, गल्ल्या अरुंद आहेत. आजीने पहिलंच दार वाजवलं.

"यहाँ कोई मराठी मेहमान आए हैं क्या?"

"अम्मा, आप ही तो आई हैं। बैठिए।"

सहा घरं, चार चहा. जिलबी दुसऱ्या घरातच संपली, कारण डबा उघडा दिसला की आजी पुढे करते. आणि रिकामा डबा तिथेही कोणी परत देत नाही. संध्याकाळी त्यात मठरी, दोन पेरू आणि लिंबाचं लोणचं होतं. मालकीण तेवढी सापडली नाही.

निघताना आजीने डबा माझ्या बॅगेत घातला. "पुण्याची आहे ती. तू हरवली, तूच शोध. अन् तोवर रिकामा ठेवजो नको."

पुण्यात आल्यावर तो धुतला आणि सवयीने तोलला. चारशे बारा ग्रॅम. त्यानंतर तो एका दिवसापेक्षा जास्त रिकामा राहिलेला नाही. दर रविवारी आजीचा फोन येतो: "काय ठेवलं त्यात?" एकदा मी खरं सांगितलं, काहीच नाही. मी फोन चालू ठेवूनच शेंगदाणे ओतले. ते पडल्याचा आवाज ऐकूनच तिने फोन ठेवला. शनिवारपर्यंत डब्यातलं ऑफिसात संपतं. सहकाऱ्यांना वाटतं माझा स्वभाव सुधारला.

जबलपूरला जा. भेडाघाटला सकाळी लवकर जा. काटा चुकीचा असला तरी जिलबी घ्या आणि निघा.

आणि ताई, तुम्ही हे वाचत असाल तर येत्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत खाली उत्तर द्या. डब्यावरचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही; ते सांगा. रविवारी घरी आणून देईन. यजमानांना पित्त होणार नाही असं त्यात काय भरू, तेही कळवा.